किडनीच्या कर्करोगात प्रथिनांचे मार्कर आणि पेशींचा शिरकाव : दोन्ही एकाच दिवशी, एकाच पेशींवर कसे मोजायचे

किडनीच्या कर्करोगावरच्या प्रबंधांत एक वाक्य हमखास सापडतं : 'अमुक प्रथिन वाढलं, म्हणून पेशी जास्त आक्रमक झाल्या.' वाक्याच्या एका टोकाला वेस्टर्न ब्लॉटवरचा (प्रथिनं वजनानुसार वेगळी करून दाखवणाऱ्या चाचणीतला) बँड असतो, दुसऱ्या टोकाला छिद्रांच्या पडद्यातून पलीकडे गेलेल्या, रंगवलेल्या पेशींच्या जांभळ्या ठिपक्यांचा फोटो. मधला 'म्हणून' बहुतेकदा कोणी मोजलेलाच नसतो. तो मोजायचा तर काय करावं लागतं, याची ही कृती आहे. कर्करोग घेतलाय क्लिअर सेल प्रकारचा, कारण मोठ्या माणसांच्या किडनीच्या कर्करोगांत निम्म्याहून कितीतरी जास्त वाटा त्याचाच. प्रथिन घेतलंय ॲक्सल, पेशीच्या पृष्ठभागावरचं एक रिसेप्टर टायरोसिन कायनेज, म्हणजे बाहेरचा संकेत आत पोचवणारं एन्झाइम. तुमचं प्रथिन दुसरं असेल तर आकडे थोडे बदलतील, पण कुठे पाय घसरतो त्या जागा त्याच राहतील.

पार्श्वभूमी थोडक्यात. क्लिअर सेल प्रकारात बहुतेक गाठींमध्ये तिसऱ्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवरचा व्हीएचएल जनुक निकामी असतो. हा जनुक १९९३ साली सापडला. त्याचं प्रथिन धड असेल आणि पेशीत ऑक्सिजन असेल, तर हिफ-१ आल्फा आणि हिफ-२ आल्फा ही (ऑक्सिजन कमी पडल्यावर जनुकं चालू करणारी) प्रथिनं तयार होताच मोडीत निघतात. व्हीएचएल गेला की ती साचतात, आणि ऑक्सिजन भरपूर असतानाही पेशी गुदमरल्यासारखी वागते : व्हीईजीएफ, ग्लूट-१, कार्बोनिक अनहायड्रेज ९ आणि ॲक्सल यांचं उत्पादन वाढवते. ऑक्सिजन ओळखण्याची ही साखळी उलगडल्याबद्दल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९चं नोबेल मिळालं. किडनीतले बरेच मार्कर (कर्करोगाची खूण म्हणून मोजली जाणारी प्रथिनं) या साखळीच्या पोटातून येतात. म्हणूनच स्तनाच्या किंवा आतड्याच्या कर्करोगाच्या प्रोटोकॉलमधली मार्करांची यादी इथे जशीच्या तशी चालत नाही. त्याबद्दल पुढे.

वाढ, स्थलांतर, शिरकाव

हे तीन शब्द वहीच्या पहिल्या पानावर वेगळे लिहून ठेवा. वाढ म्हणजे पेशींची संख्या वाढणं. स्थलांतर म्हणजे मोकळ्या जागेतून सरकणं. शिरकाव म्हणजे समोरचं आवरण पोखरून पलीकडे जाणं. रुग्णाच्या शरीरात गाठ रीनल सायनसच्या (किडनीच्या आतल्या पोकळीच्या) चरबीत किंवा रीनल व्हेनमध्ये (किडनीच्या शिरेत) घुसते तेव्हा ही तिसरी गोष्ट घडते. अशी गाठ ४ सेंटिमीटरपेक्षा लहान असली तरी टीएनएमच्या (कर्करोगाचे टप्पे ठरवण्याच्या पद्धतीच्या) आठव्या आवृत्तीनुसार तिचा टप्पा थेट पीटी३ए होतो. प्रयोगात मात्र तिन्ही गोष्टी एकाच पडद्यावर एकाच जांभळ्या रंगात दिसतात. त्या वेगळ्या काढायच्या तर कंट्रोल (तुलनेसाठीचे नमुने) वाढवावे लागतात, दुसरा उपाय नाही.

पेशी कोणत्या घ्याव्यात

प्रयोगशाळेत सतत वाढवता येणाऱ्या पेशी-ओळींपैकी ७८६-ओ या पेशींत व्हीएचएल निकामी आहे आणि हिफ-१ आल्फा बनतच नाही, सगळा कारभार हिफ-२ आल्फाचा. ए-४९८मध्येही व्हीएचएल बिघडलेला. काकी-१ त्वचेत पसरलेल्या गाठीतून आल्या, त्यांचा व्हीएचएल शाबूत. एसीएचएन छातीत साठलेल्या पाण्यातून आल्या. त्यांचाही व्हीएचएल शाबूत आहे, त्यामुळे त्यांना क्लिअर सेलचे प्रतिनिधी मानणं धाडसाचं आहे. एकच पेशी-ओळ घेऊन निष्कर्ष काढू नका. व्हीएचएल बिघडलेली एक आणि शाबूत असलेली एक, अशी किमान जोडी हवी.

'नॉर्मल' म्हणून बरेच जण एचके-२ घेतात. या पेशी प्रॉक्झिमल ट्यूब्यूलच्या (किडनीतल्या सूक्ष्म नळीच्या सुरुवातीच्या भागाच्या) खऱ्या, पण एचपीव्ही १६ या विषाणूच्या ई६ आणि ई७ जनुकांनी अमर केलेल्या. ई६ हे पी५३ या कर्करोग रोखणाऱ्या प्रथिनाला संपवतं, त्यामुळे त्यांना निरोगी म्हणताना जरा जपून. शिवाय त्या सीरमविरहित केराटिनोसाइट मीडियात वाढतात आणि ७८६-ओ आरपीएमआय-१६४०मध्ये १० टक्के सीरमवर. तुलनेतला निम्मा फरक नुसत्या मीडियाचा निघू शकतो. प्रयोगाआधी दोन्हींना निदान २४ तास एकाच मीडियात ठेवा.

भारतातल्या प्रयोगशाळांना पेशी-ओळी पुरवण्याचं काम पुण्याचं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, म्हणजे एनसीसीएस, करतं. शेजारच्या लॅबमधून 'एक फ्लास्क दे ना' म्हणून आणलेल्या पेशी स्वस्त पडतात, पण त्यांची एसटीआर चाचणी (डीएनएवरून पेशींची ओळख पटवणारी) आणि मायकोप्लाझ्मा या सूक्ष्म जिवाणूची चाचणी झाल्याशिवाय त्यांवर सहा महिने घालवू नका. मायकोप्लाझ्मा लागलेल्या पेशी मरत नाहीत, मीडिया गढूळही होत नाही. फक्त त्यांचा वेग आणि चिकटण्याची पद्धत बदलते, आणि आपण नेमकं तेच मोजत असतो.

प्रथिन कमी करणं आणि पेशींची वाटणी

ॲक्सलविरुद्ध दोन वेगवेगळे एसआयआरएनए (ठरावीक प्रथिन बनू न देणारे छोटे आरएनए) घ्या, २० ते ३० नॅनोमोलर, आणि एक निरर्थक क्रमाचा कंट्रोल. दोन यासाठी की एकाच एसआयआरएनएचा परिणाम दुसऱ्याच कुठल्या जनुकावर होत असेल तर तो इथे उघडा पडतो. ट्रान्सफेक्शननंतर (ते पेशींत घातल्यावर) ४८ तासांनी पेशी वापरायच्या.

या कृतीचा कणा इथे आहे : दर गटाच्या दोन डिश एकाच फ्लास्कमधून, एकाच वेळी लावा. ४८ तासांनी एक डिश इन्सर्टकडे (शिरकाव मोजण्याच्या, सच्छिद्र पडद्याचा तळ असलेल्या कपाकडे) जाते, दुसरी त्याच तासाला ब्लॉटसाठी फुटते. ब्लॉट सोमवारच्या पेशींचा आणि शिरकाव पुढच्या गुरुवारच्या पेशींचा असेल, तर दोघांमध्ये 'म्हणून' लिहिण्याचा हक्क राहत नाही.

ब्लॉटची डिश ट्रिप्सिनने (चिकटलेल्या पेशी सोडवणाऱ्या एन्झाइमने) सोडवू नका. ट्रिप्सिन पेशीबाहेर डोकावणारी प्रथिनं कापतं. ई-कॅडहेरिनला (पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या प्रथिनाला) कॅल्शियम थोडं संरक्षण देतं, पण ट्रिप्सिनसोबतचं ईडीटीए तेच कॅल्शियम काढून घेतं. मग बँड फिका येतो आणि आपण 'ई-कॅडहेरिन घटलं' असं लिहून मोकळे होतो. थंड पीबीएसने दोनदा धुवा, बर्फावर डिश ठेवून त्यातच बफर घाला आणि स्क्रेपरने खरवडा.

मॅट्रिजेलचा थर

२४ वेलच्या प्लेटचे इन्सर्ट घ्या : छिद्रं ८ मायक्रॉनची, पडद्याचा व्यास ६.५ मिलिमीटर, क्षेत्रफळ ०.३३ चौरस सेंटिमीटर. मॅट्रिजेल 'ग्रोथ फॅक्टर रिड्यूस्ड' प्रकारचं हवं. उंदराच्या एका सार्कोमाने स्रवलेलं हे आवरण : लॅमिनिन, कोलॅजन ४, एन्टॅक्टिन आणि हेपरान सल्फेट प्रोटिओग्लायकॅन. त्याचा स्वभाव साजूक तुपाच्या नेमका उलट आहे. थंडीत पातळ, उबेत घट्ट. १० अंशांच्या वर गेलं की ते धरायला लागतं, आणि एकदा धरलं की पुन्हा थंड करून पूर्ववत होईल या भरवशावर राहू नका.

आदल्या रात्री कुपी बर्फाच्या डब्यात घालून, डबा फ्रीजच्या ४ अंशांच्या कप्प्यात ठेवा. टिप, ट्यूब, मीडिया आणि इन्सर्ट बसवलेली प्लेट, सगळं थंड. मे महिन्यात एसी बंद पडलेल्या खोलीत हे काम करायचं असेल तर पिपेटची टिपच जेल करून बसते. दर चार-पाच इन्सर्टनंतर टिप बदला.

हिशेब असा. थर ३०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरचा, दर इन्सर्टला १०० मायक्रोलिटर. इन्सर्ट १२, वाया जाण्यासाठी २ जास्तीचे, म्हणजे १.४ मिलिलिटर. लागणारं प्रथिन ०.४२ मिलिग्रॅम. कुपी ९ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरची असेल तर ४७ मायक्रोलिटर मॅट्रिजेल आणि १३५३ मायक्रोलिटर सीरमविरहित थंड मीडिया. कुपीची तीव्रता प्रत्येक लॉटला बदलते आणि ती लॉटच्या प्रमाणपत्रावर छापलेली असते. 'नेहमी एकास तीस करतो' ही सवय म्हणूनच महाग पडते : एका लॉटला ९, दुसऱ्याला ११ असेल तर थर न सांगता जाड होतो आणि मागच्या महिन्याचे आकडे या महिन्याशी जुळत नाहीत. एका प्रबंधाचं सगळं काम शक्यतो एकाच लॉटवर उरका.

टिप पडद्याला न टेकवता मधोमध थेंब सोडा, प्लेट हलकेच फिरवून पसरवा, ३७ अंशांवर २ तास. नंतर वर उरलेलं पाणी कडेने अलगद ओढून घ्या. पडदा कोरडा पडू देऊ नका, भेगा गेलेल्या थरातून पेशी पोखरत नाहीत, सरळ चालत जातात. त्याच वेळी तेवढेच इन्सर्ट मॅट्रिजेलशिवाय तयार ठेवा. खर्च वाचवायला लोक नेमके हेच गाळतात.

पेशी सोडणं

पेशींना आदल्या रात्री १२ ते १६ तास ०.५ टक्के सीरमवर ठेवलेलं असावं. सोडवल्यावर सीरमविरहित मीडियात दोनदा धुवा. वरच्या कप्प्यात सीरमचा थोडा अंश जरी राहिला तरी वर-खाली ओढीचा फरक कमी होतो आणि पेशी वरच सुखाने बसून राहतात. ०.१ टक्के बीएसए घातलेल्या मीडियात २,५०,००० प्रति मिलिलिटर असं मिश्रण करा, २०० मायक्रोलिटर वर, म्हणजे इन्सर्टला ५०,००० पेशी. जिवंत पेशींचं प्रमाण ट्रिपॅन ब्लूने ९० टक्क्यांच्या खाली आलं तर तो दिवस सोडून द्या.

खाली १० टक्के सीरमचा ६०० मायक्रोलिटर मीडिया. इन्सर्ट तिरपा धरून बसवा, नाहीतर पडद्याखाली हवेचा बुडबुडा अडकतो. बुडबुड्यावरच्या भागात खालून सीरम पोचत नाही आणि मोजताना तिथे गोल पांढरं बेट दिसतं. प्लेट भिंगाखाली धरून प्रत्येक वेल बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

सोबत तीन कंट्रोल : खाली सीरम नसलेला एक इन्सर्ट, सहज पोखरत जाणाऱ्या एचटी-१०८० पेशींचा एक, आणि पेशीच न घातलेला एक. शेवटचा कंट्रोल वेडगळ वाटतो, पण मॅट्रिजेलही क्रिस्टल व्हायोलेट थोडं पितं. रंग विरघळवून वाचणार असाल तर ती वजाबाकी लागतेच.

ॲक्सलपुरती एक टीप. त्याचा जोडीदार रेणू गॅस६ सीरममध्ये असतोच. वेगळा गॅस६ घालायचा असेल तर तो सस्तन प्राण्यांच्या पेशींत बनवलेला घ्या. गॅस६ सक्रिय व्हायला व्हिटॅमिन के वापरून होणारं कार्बॉक्सिलेशन लागतं, आणि जिवाणूंत बनवलेल्या प्रथिनात ते नसतं.

थांबवणं, रंगवणं, मोजणं

७८६-ओसाठी २० ते २४ तास पुरतात. नव्या पेशी-ओळीवर आधी १२, १८, २४ आणि ३६ तासांची एक छोटी फेरी करा. ३६ तासांनंतर शिरकावात वाढ मिसळायला लागते.

वरच्या पेशी ओल्या कापसाच्या बोळ्याने पुसायच्या. दाबून, गोल फिरवत, कडेच्या खोबणीतही, आणि दुसऱ्या कोऱ्या बोळ्याने पुन्हा एकदा. घाबरून हलक्या हाताने पुसलेला पडदा हे खोट्या आकड्यांचं सगळ्यांत मोठं कारण. पडदा सहज फाटत नाही. मग मिथेनॉलमध्ये १० मिनिटं, ०.१ टक्के क्रिस्टल व्हायोलेटमध्ये २० मिनिटं, आणि नळाच्या पाण्याच्या भांड्यात पाणी स्वच्छ राहीपर्यंत बुडवणं.

२० पट भिंगाखाली पाच जागा बघा : मध्य आणि चार दिशा. पडद्याची छिद्रंही गोल दिसतात. ती सगळी एकाच मापाची आणि पोकळ असतात, पेशीचं केंद्रक त्यापेक्षा मोठं आणि भरीव दिसतं. फोटो काढणारा आणि मोजणारा वेगळा असावा, मोजणाऱ्याला गटांची नावं माहीत नसावीत. काही पेशी पलीकडे जाऊन खाली वेलच्या तळाशी पडतात. तळही एकदा बघा. तिथे गर्दी असेल तर पडद्यावरचा आकडा कमीच निघणार.

आता ज्यासाठी एवढा खटाटोप केला तो हिशेब. समजा, कंट्रोल गटात मॅट्रिजेलवरच्या इन्सर्टमध्ये दर दृश्यात सरासरी ८४ पेशी आल्या आणि ॲक्सल कमी केलेल्या गटात ४२. शिरकाव निम्मा झाला, असं लगेच लिहावंसं वाटतं. थांबा, मॅट्रिजेल नसलेले इन्सर्ट बघा. कंट्रोलमध्ये २१०, ॲक्सल गटात १०५. मॅट्रिजेलचा आकडा भागिले विनामॅट्रिजेलचा आकडा गुणिले १०० केलं, तर दोन्ही गट ४० टक्क्यांवर येतात. म्हणजे पोखरण्याची क्षमता तीच आहे, पेशींचं चालणंच निम्म्यावर आलंय. विनामॅट्रिजेलचा आकडा दोन्ही गटांत २१० राहिला असता, तर ४० विरुद्ध २० टक्के, आणि तेव्हा शिरकाव घटला म्हणता आलं असतं.

वाढीसाठी साध्या ९६ वेलच्या प्लेटमध्ये त्याच पेशी त्याच कमी सीरममध्ये लावून ० आणि २४ तासांनी मोजा. फरक १० टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. जास्त असेल तर मायटोमायसिन सी, १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, २ तास देऊन विभाजन थांबवून प्रयोग पुन्हा करा.

एका दिवसाचे तीन इन्सर्ट म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. वेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजच्या (वाढवण्याच्या वेगळ्या खेपेच्या) पेशींवर केलेले तीन प्रयोग म्हणजे तीन. आलेखावर १५ ठिपके आणि खाली एन बरोबर १५ लिहिलेलं दिसलं की परीक्षक तिथेच पेन्सिल टेकवतात, आणि बरोबरच करतात.

ब्लॉट : किडनीचे तीन सापळे

पेशी फोडायला रिपा बफरमध्ये प्रोटिएज इनहिबिटर आणि १ मिलिमोलर सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट, बर्फावर २० मिनिटं, ४ अंशांवर १४,००० जीने १५ मिनिटं फिरवणं, वरच्या द्रवाचं बीसीएने मापन. दर लेनला २५ मायक्रोग्रॅम. ॲक्सल सुमारे १४० किलोडाल्टनला दिसतं, साखरेच्या साखळ्या जोडलेल्या असल्याने पसरट. ई-कॅडहेरिन १२०, एन-कॅडहेरिन १४०च्या आसपास, व्हिमेंटिन (पेशीच्या सांगाड्याचं प्रथिन) ५७. जड प्रथिनांसाठी ८ टक्के जेल, पीव्हीडीएफ पडदा आधी मिथेनॉलमध्ये ३० सेकंद, थंडीत १०० व्होल्टला ९० मिनिटं. फॉस्फो-ॲक्सलसाठी ब्लॉकिंग दुधाऐवजी ५ टक्के बीएसएने करा, दुधातलं केसिन स्वतःच फॉस्फोप्रथिन आहे.

पहिला सापळा कॅडहेरिनचा. बहुतेक प्रोटोकॉल सांगतात : ई-कॅडहेरिन गेलं, एन-कॅडहेरिन आलं, म्हणजे पेशी आक्रमक झाली. क्लिअर सेल कर्करोग उगवतो प्रॉक्झिमल ट्यूब्यूलमधून, आणि निरोगी माणसाच्या प्रॉक्झिमल ट्यूब्यूलमध्ये मुळातच एन-कॅडहेरिनचं राज्य असतं. ई-कॅडहेरिन ठळक दिसतं ते डिस्टल ट्यूब्यूल आणि कलेक्टिंग डक्टमध्ये. अख्ख्या किडनीचा तुकडा कुटून 'नॉर्मल' म्हणून शेजारच्या लेनमध्ये घातला, तर त्यातलं ई-कॅडहेरिन डिस्टल भागातून आलेलं असतं. गाठीत ते 'हरवलं' असं दिसतं, पण तिच्या मूळ पेशीत ते फारसं नव्हतंच. व्हिमेंटिनचंही तसंच : क्लिअर सेल गाठी बहुतांश व्हिमेंटिन-पॉझिटिव्ह असतात, सौम्य ग्रेडच्यासुद्धा. या दोघांवर आक्रमकतेचा निकाल लावू नका. त्याच पेशी-ओळीत, प्रथिन कमी करण्याआधी आणि नंतर त्यांत काय बदल झाला, एवढीच तुलना धरा.

दुसरा सापळा लोडिंग कंट्रोलचा, म्हणजे प्रत्येक लेनमध्ये सारखंच प्रथिन भरलंय का हे दाखवणाऱ्या प्रथिनाचा. जीएपीडीएच हिफच्या इशाऱ्याने वाढतं. व्हीएचएल असलेल्या आणि नसलेल्या पेशींची तुलना त्यावर बेतली, तर मोजपट्टीच ताणलेली. ट्यूब्युलिन ५० ते ५५च्या घरात बसतं, व्हिमेंटिनच्या अगदी मांडीला मांडी लावून. बीटा-ॲक्टिन ४२ला आहे, ते चालेल. त्याहून भक्कम म्हणजे पॉन्सो रंगवलेल्या पडद्याचा फोटो ठेवून लेनमधल्या एकूण प्रथिनाशी भागाकार. आणि एकदा तरी ५, १०, २०, ४० मायक्रोग्रॅमची पायरी चढवून बँडचा आकडा सरळ रेषेत वाढतो का ते बघा. ४०ला सपाट झाला असेल तर तिथला दुप्पट-तिप्पट फरक दिसणारच नाही.

तिसरा सापळा वेळेचा. व्हीएचएल शाबूत असलेल्या पेशींत ऑक्सिजन मिळताच हिफ काही मिनिटांत नाहीसं होतं. कमी ऑक्सिजनच्या कपाटातून डिश काढून, फोन घेऊन, मग स्क्रेपर शोधला तर बँड रिकामा येईल. बफर आधी ओतून तयार ठेवा. ७८६-ओला ही घाई नाही, तिथे हिफ-२ आल्फा कायम हजर असतं. म्हणूनच एका ओळीवर जमलेला हात दुसरीवर फसतो.

शिरकाव खरोखर घटला असेल तर पोखरणारी हत्यारं कोणती, हे जिलेटिन झायमोग्राफीने दिसतं. सीरमविरहित मीडियात २४ तास राहिलेला द्रव घ्या (सीरममध्ये स्वतःचीच एमएमपी, म्हणजे आवरण पोखरणारी एन्झाइमं असतात). १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर जिलेटिन घातलेलं १० टक्के जेल. नमुना उकळू नका, डीटीटी घालू नका, नाहीतर एन्झाइम परत घडी घालू शकणार नाही. २.५ टक्के ट्रायटनमध्ये ३० मिनिटांच्या दोन धुण्या, मग कॅल्शियम असलेल्या ट्रिस बफरमध्ये ३७ अंशांवर १८ तास, शेवटी कूमासी. निळ्या जेलवर पांढरे पट्टे : ९२ला प्रो-एमएमपी-९, ७२ला प्रो-एमएमपी-२, त्यांच्या जरा खाली सक्रिय रूपं. प्रो-रूपाचा पट्टा पांढरा दिसला म्हणजे ते पेशीजवळही सक्रिय होतं असं नाही. एसडीएस त्याला जेलमध्येच उघडतं.

रुग्णाच्या गाठीवर

आधी संस्थेच्या नैतिक समितीची परवानगी, जुन्या साठवलेल्या ब्लॉकसाठीसुद्धा. आयसीएमआरची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं त्यासाठी बघावीत.

किडनीची गाठ एकसारखी नसते. एकाच गाठीच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत वेगवेगळी उत्परिवर्तनं असतात, हे २०१२ पासून नीट माहीत आहे. ग्रॉसिंगला (काढलेली गाठ चिरून तुकडे घेताना) दर सेंटिमीटरमागे एक, आणि किमान तीन ब्लॉक, हा नेहमीचा संकेत. मार्कर अँटिबॉडीने रंगवून बघण्यासाठी त्यातून तीन निवडा : गाठीचा मध्य, रीनल सायनसच्या चरबीला भिडलेली कड, आणि दूरची निरोगी किडनी. शिरेतला थ्रॉम्बस (शिरेत वाढलेला गाठीचा भाग) मिळाला तर तो चौथा. नुसत्या मध्याचा ब्लॉक घेऊन शिरकावाबद्दल बोलणं म्हणजे घाटातली वळणं गावच्या चौकात बसून मोजणं.

१० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये २४ ते ४८ तास, किडनी आधी मधोमध उभी चिरून. न चिरता बुडवलेल्या किडनीत फॉर्मॅलिन आत पोचेपर्यंत मध्य सडायला लागतो. सेक्शन ३ ते ४ मायक्रॉन, चार्ज्ड स्लाइड, ६० अंशांवर १ तास. अँटिजेन रिट्रीव्हलला (फॉर्मॅलिनने झाकलेलं प्रथिन उष्णतेने उघडं करायला) अँटिबॉडीप्रमाणे सायट्रेट पीएच ६ किंवा ट्रिस-ईडीटीए पीएच ९, दोन्ही एकदा तपासून. मग ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड १० मिनिटं.

इथे दोन गोष्टी खास किडनीच्या. किडनीच्या पेशींत स्वतःचं बायोटिन भरपूर असतं, आणि रिट्रीव्हलच्या उष्णतेने ते आणखी उघडं पडतं. ॲव्हिडिन-बायोटिन पद्धत वापरली तर प्राथमिक अँटिबॉडी न घालताही ट्यूब्यूल तपकिरी होतात. पॉलिमर पद्धतीचं किट घ्या, प्रश्नच मिटतो. दुसरी म्हणजे रक्तस्राव. क्लिअर सेल गाठीत जुनं रक्त साचलेलं असतं, त्याचं हिमोसिडरिन सोनेरी-तपकिरी असतं आणि डीएबीचा (अँटिबॉडी चिकटली तिथे उमटणारा) रंगही तपकिरीच. हिमोसिडरिन दाणेदार असतं, थोडं चमकतं, आणि अँटिबॉडी न घातलेल्या शेजारच्या सेक्शनवरही तिथेच दिसतं. फारच गोंधळ झाला तर लाल क्रोमोजेन वापरा.

कार्बोनिक अनहायड्रेज ९ लावून हात बसवा, कारण त्याचं चित्र स्पष्ट असतं : पेशीच्या चारही बाजूंनी पातळ तपकिरी रेघ, खोक्यांची जाळी काढल्यासारखी, आत पांढरी पोकळी. पोकळी अशी दिसते कारण ग्लायकोजेन आणि चरबी प्रक्रियेत विरघळून गेलेली असते. पॉझिटिव्ह कंट्रोल जठराच्या अस्तराचा घ्या, निरोगी किडनी इथे निगेटिव्ह असते. नेक्रोसिसच्या (पेशी मेलेल्या भागाच्या) कडेला मात्र कोणत्याही प्रकारची गाठ या मार्करला पॉझिटिव्ह येऊ शकते, कारण तिथे ऑक्सिजन खरोखरच कमी असतो. ती पट्टी गुणांकनातून वगळा. आणि हा मार्कर उलट्या दिशेने चालतो. लॉस एंजेलिसच्या यूसीएलएतल्या गटाने २००३ साली ८५ टक्क्यांची सीमा धरून दाखवलं होतं की तो कमी असलेल्या रुग्णांचं भवितव्य जास्त वाईट. पुढच्या सगळ्या अभ्यासांत ही सीमा टिकली नाही. तुमच्या नमुन्यांवर सर्वांत देखणी पी-व्हॅल्यू देणारी सीमा शोधत बसू नका, सीमा मोजण्याआधी ठरवून वहीत तारीख घालून लिहा. रोजच्या रिपोर्टमध्ये हे डाग गाठीचा प्रकार ओळखायला वापरले जातात, भवितव्याचा अंदाज टप्पा, डब्ल्यूएचओ-आयएसयूपी ग्रेड, नेक्रोसिस यांवरूनच बांधला जातो. रुग्णाच्या नातेवाइकांनी विचारलं तर हेच सांगायचं.

गुणांकनासाठी एच-स्कोअर पुरेसा आहे. ३० टक्के पेशी फिक्या, ४० टक्के मध्यम, १० टक्के गडद, तर टक्क्यांना अनुक्रमे १, २ आणि ३ने गुणायचं, म्हणजे ३० अधिक ८० अधिक ३०, एकूण १४० (कमाल ३००). कड आणि मध्य यांचे आकडे वेगळे लिहा, सरासरी काढून मिसळू नका. दोन जणांनी स्वतंत्रपणे मोजावं. ३०पेक्षा जास्त फरक आलेल्या स्लाइड दोघांनी एकत्र बसून बघाव्यात.

स्लाइड आणि ब्लॉट यांचं भांडण झालं, तर बहुतेक वेळा स्लाइड खरी असते. क्लिअर सेल गाठीत केशवाहिन्यांचं दाट जाळं असतं. त्यांच्या अस्तराच्या पेशी व्हिमेंटिन देतात, आणि ॲक्सल तर मॅक्रोफेजवरही असतं. गाठीचा तुकडा कुटला की हे सगळं एका लेनमध्ये उतरतं. स्लाइडवर गाठीच्या पेशी कोऱ्या आणि मधल्या भिंती तपकिरी असतील, तर ब्लॉटमधला जाड बँड त्या भिंतींचा आहे. अशा वेळी गोठवलेल्या तुकड्याचा एक सेक्शन एच अँड ई (पेशींची रचना दाखवणारा नेहमीचा रंग) करून भिंगाखाली गाठीचा भाग पेनने आखा, पुढचे १० मायक्रॉनचे सेक्शन त्या आखणीवर धरून नव्या ब्लेडने तेवढाच भाग खरवडा, आणि ब्लॉट त्याचा करा. दर वीस सेक्शननंतर पुन्हा एक एच अँड ई घ्या, कारण खोल जाताना गाठीची कड सरकते आणि जुनी आखणी निरोगी किडनीवर पडायला लागते.